कंटेनरची ओटी

शेवंताआक्का,

काल सकाळी या हंगामातला पहिला कंटेनर आपल्या तामलवाडीच्या पॅकहाऊसच्या धक्क्याला लागला आणि तुम्ही नव्हता. तुमचा तेरावा होऊन चारच दिवस झालेत. तुम्ही कशानं गेलात, किती वाजता गेलात, शेवटचं पाणी कुणी पाजलं, यातलं काही मी इथं लिहिणार नाही. भेटेल त्याला ते सांगून सांगून माझं तोंड दुखलंय आणि तुम्हाला तर ते ठाऊकच आहे. मला तुमच्याशी भांडायचं राहिलंय. सहा हंगाम चाललेलं भांडण तुम्ही असं मध्येच टाकून उठून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

खरं सांगते, काल मी रडायच्या तयारीनंच आले होते. पर्समध्ये दोन रुमाल होते. पण पहिल्या अर्ध्या तासातच हसू फुटलं. एक नंबरच्या टेबलावर तुमची जागा बायकांनी मोकळी ठेवली होती आणि तुमची कात्री खिळ्याला टांगली होती. तेवढ्यात कुणीतरी नवीन पोरीनं द्राक्षाचा घड मण्यांना हात लावून उचलला. लगेच तीस बाया एका सुरात ओरडल्या, "देठाला धर, मण्याला न्हाय!" आवाज अगदी तुमचा. ती पोरगी इतकी दचकली की घड पेटीत पडायच्या ऐवजी तिच्याच बुटात पडला. मग कुठलं रडणं आणि कुठलं काय.

तुम्हाला आपला पहिला दिवस आठवतो का? मी जळकोटची, शेतकी पदवी घेऊन नुकतीच आलेली, शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. मालकांनी माझ्याकडं मालाची प्रत तपासायचं काम आणि कागदपत्रं सोपवली होती. मी स्टुलावर उभी राहून नियम वाचले. हातात बांगड्या नकोत, कपाळाला टिकली नको, गळ्यात काही नको, डोक्यात फूल नको. खाण्याचा माल आहे, परदेशी जाणार आहे, पेटीत काचेचा तुकडा सापडला तर सगळा माल परत. खाली तीस बायकांचा गलका उठला. "आमचे मालक चांगले जिते हायत, मॅडम! बांगड्या कशापायी उतरवू?" एक तर चप्पल घालून निघालीच होती.

तेव्हा तुम्ही पुढं आलात आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरलेत. "बगा मॅडम, माझ्याकडं काढायला कायच न्हाय. टिकली न्हाय, बांगड्या न्हाय, डोरलं न्हाय. तुमच्या परीक्षेत पैली पास म्याच." मग तुम्हीच हसलात, म्हणून बाकीच्या हसल्या. तुमचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी यादीत तुमच्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. त्या खुणेची मला आज लाज वाटते.

बांगड्यांचा तिढा सोडवलात तो तुम्हीच. दोन दिवसांत जुन्या लुगड्याच्या छोट्या पिशव्या शिवून आणल्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा, म्हणजे वाचता न येणारीलाही आपली पिशवी ओळखावी. दाराजवळ खिळ्यांची रांग ठोकून घेतलीत. "आत सगळ्या सारख्या, भाईर आपापल्या," असं म्हणालात आणि बायका मुकाट्यानं बांगड्या उतरवायला लागल्या. पिशव्या मात्र एकतीस होत्या. मी विचारलं, "आक्का, तुम्हाला कशाला?" तर म्हणालात, "रिकामा खिळा बरा दिसत न्हाय." मला वाटलं, चेष्टा करताय.

काम मी पुस्तकात शिकले होते आणि तुम्ही बोटांनी. घड देठाला धरून उजेडात फिरवायचा, आतला दबलेला मणी कात्रीच्या टोकानं असा काढायचा की शेजारच्या मण्यावरची पांढरी पावडरही पुसली जाऊ नये. मी तापमान मोजायची, गोडी मोजायची, वजन मोजायची, आणि तुम्ही नुसता देठ बघून सांगायचात, "हे पंधरा दिस टिकंल, हे टिकायचं न्हाय." मी वहीत लिहून ठेवायची, तुम्हाला चुकीचं ठरवण्यासाठी. वहीच चुकीची ठरायची. शेवटी मी वही बंद केली, पण तसं तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुम्ही समुद्र पाहिला नव्हता. "बोरीच्या धरणाएवढा आसंल का?" असं विचारलंत. मी म्हटलं, त्याच्यापेक्षा मोठा. "दोन धरणं?" मी म्हटलं, आक्का, त्याला पलीकडचा काठच दिसत नाही. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "मंग त्या पलीकडल्या बाईला कसं कळायचं, द्राक्षं कुठनं आली ते?" मी पेटीवरचा कागद दाखवला, शेतकऱ्याचा नंबर, गावाचा नंबर, पॅकहाऊसचा नंबर. तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "ह्यात माणूस कुठंय?" आपलं भांडण तिथून सुरू झालं, असं माझं मत आहे. मी म्हणायची 'डिस्पॅच', तुम्ही म्हणायचात 'पाठवणी'. मी म्हणायची माल, तुम्ही म्हणायचात लेक. थंडगार कंटेनरचं दार बंद झालं, त्याला सील लागलं, की तुम्ही हातमोजा काढून दारावर थाप मारायचात, "जा गं बाई, सुखानं जा."

आणि मग दुसऱ्या हंगामातला तो बुधवार. तो दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही.

सकाळी संगणक उघडला तर पलीकडच्या बंदरातून फोटो आलेला. कंटेनरचं दार उघडलंय, मागं आपल्या पेट्यांची रास, आणि पुढं एका स्टीलच्या टेबलावर हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक आणि मूठभर ज्वारी. शेजारी मोजपट्टी ठेवलेली. खाली लिहिलेलं, 'अनोळखी वस्तू'. कागदावर आम्ही 'फक्त द्राक्षं' असं लिहून दिलं होतं आणि तिकडं दार उघडताच पहिलं दर्शन ज्वारीचं. त्यांच्याकडं परक्या देशाचा एक दाणा न सांगता आला तरी गहजब होतो. सगळा कंटेनर अडवून ठेवला होता. अकरा शेतकऱ्यांची द्राक्षं होती त्यात.

मी तशीच पॅकिंगच्या खोलीत घुसले. टोपीसुद्धा घातली नाही, मीच लिहिलेला नियम मीच मोडला. "कुणी केलं हे?" तीस बाया आपापल्या कात्रीकडं बघायला लागल्या. तुम्ही हात वर केलात, शाळेतल्यासारखा.

"म्या."

"आक्का, वेड लागलंय का तुम्हाला? ज्वारी टाकलीत कंटेनरात?"

"टाकली न्हाय. ओटी भरली. लेक सासरी चाललीया, तिला रिकामी लावून देऊ व्हय?"

"तो कंटेनर आहे! लोखंडाचा खोका आहे! लेक नाही!"

"मंग मालकांनी त्या खोक्याला हळद-कुंकू कशापायी लावलं? नारळ कुनाम्होरं फोडला?"

मालक माझ्या मागंच उभे होते. ते एकदम छताकडं बघायला लागले. मी आणखी मोठ्यानं ओरडले. तुमच्या वयाचा विचार केला नाही, तीस जणींसमोर नको नको ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. शेवटी एवढंच विचारलंत, "पर देठ हिरवा हाय का तिचा?"

मग मला खुलासा लिहायला बसावं लागलं. ओटी म्हणजे काय, हे इंग्रजीत साहेबाला कसं सांगायचं? आधी लिहिलं, 'धार्मिक वस्तू'. मालक म्हणाले, नको, त्यांना भलतंच वाटायचं. मग लिहिलं, 'सजावटीचं सामान'. ते वाचून माझं मलाच हसू आलं. शेवटी दुपारी खरं तेच लिहिलं. आमच्याकडं लेक सासरी निघाली की बायका तिच्या पदरात धान्य, नारळ आणि खण घालतात, तिला काही कमी पडू नये म्हणून. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना हा कंटेनर लेकीसारखा वाटला. चूक आमची आहे. लिहिता लिहिता माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. पण ते तुम्हाला सांगायला मी काही खाली आले नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिकडच्या खरेदीदारानं लिहिलं होतं, "वधू सुखरूप पोचली. तपासणीत निर्दोष ठरली. तिचं सामान मात्र आमच्या अधिकाऱ्यांनी जाळून टाकलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या वेळी कृपया वधूला सामानाशिवाय पाठवावं." मालकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "जाळलं? नारळ सुदीक? ... मंग काय हरकत न्हाय. अग्नीला गेलं म्हंजी देवालाच पोचलं."

पण त्याच्याच खाली आणखी एक ओळ होती. पुन्हा असं घडलं तर आपल्या पॅकहाऊसचा परवाना रद्द होईल. म्हणजे तीस बायांचं काम गेलं. मी तुम्हाला धक्क्यावर उभं करून शपथ घ्यायला लावली. तुम्ही कंटेनरच्या दाराला हात लावून म्हणालात, "तुळजाभवानीची आन. ह्या दारातनं आत एक दाना जानार न्हाय." मी निश्चिंत झाले. आपण जिंकलो असं मला वाटलं.

तिसरा हंगाम संपला आणि माझं लग्न निघालं. हे लिहायचं मी मघापासून टाळतेय.

जळकोटला मांडवाच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून पॅकहाऊसच्या सगळ्या बाया उतरल्या. टोप्या नाहीत, पांढरे झगे नाहीत. नथी, गजरे, कोपरापर्यंत बांगड्या. अर्ध्याजणी मला ओळखू आल्या नाहीत. एकीनं तर "मॅडम, आज तपासा की!" म्हणून हात नाचवला. मांडवभर हसू पसरलं. तुम्ही धुवट निळ्या लुगड्यात होता आणि आल्या आल्या पाण्याच्या पिंपापाशी उभ्या राहून लोकांना पाणी द्यायला लागलात, जशा घरच्याच.

निघायची वेळ झाली. आईनं एकेका सुवासिनीला हाक मारली. पॅकहाऊसच्या बायाही एकेक करून आल्या, माझी ओटी भरून गेल्या. तुम्ही पिंपापाशीच होता. तुम्ही एकदाच माझ्याकडं पाहिलंत. मी तोंड उघडलं होतं, आक्का. नाव जिभेवर होतं. शेजारी माझ्या दोन आत्या उभ्या होत्या, सासरची माणसं होती, आणि मी तोंड मिटलं. तीस बायांसमोर तुमच्यावर ओरडताना माझी जीभ अडली नव्हती. त्या दिवशी अडली. तुम्ही खाली बघून पेला भरलात आणि कुणाला तरी दिलात.

त्याच वेळी मला कळलं, तुम्ही ओटी कंटेनरची का भरली होती. या अख्ख्या मुलखात ती एकच लेक होती, जिच्यासमोर तुम्हाला मागं हो म्हणणारं कुणी नव्हतं. आणि तिच्यापुढूनही मी तुम्हाला मागं ओढलं होतं.

गाडी सुटताना तुम्ही खिडकीपाशी आलात आणि माझ्या मांडीवर द्राक्षांची एक पेटी ठेवलीत, शेवटच्या तोडीतली. म्हणालात, "देठ हिरवा हाय. बग." बस. ती पेटी तुम्ही नुसती भेट म्हणून दिली होती का आणखी काही म्हणून, हे विचारायचं माझ्या मनात तीन वर्षं होतं. रोज भेटत होतो, रोज वाद घालत होतो, आणि तेवढं विचारायला मला एक मिनिट मिळालं नाही. असली कसली मी शहाणी.

पण तुम्ही मनात काही ठेवलं नाहीत, निदान मला दिसू दिलं नाहीत. लग्नानंतर मी तुळजापूरहून यायला लागले तर सगळ्यांत आधी विचारलंत, "सासू बांगड्या काढू देती का?" त्यानंतरच्या एका हंगामात वाटेतल्या लढाईमुळं जहाजांचा नेहमीचा रस्ता बंद झाला आणि आपला कंटेनर अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून निघाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. जास्तीचे किती दिवस, द्राक्ष ते कसं सोसणार? मी रोज सकाळी तुम्हाला फोनवर जहाजाचा ठिपका दाखवायची आणि तुम्ही डोळे बारीक करून विचारायचात, "आज कुठवर गेली?" मी घाबरलेली बघून म्हणायचात, "वाट लांबली म्हनून लेक काय परत येती व्हय? आपुन बांधून दिलंय नीट. जाईल ती."

पोचली. फोटो आला, पेटी उघडलेली, आणि देठ हिरवा. मी फोन घेऊन धक्क्यावरून अशी धावले की पाय घसरून पडले. तुम्ही मला उचललं नाहीत, आधी फोन उचललात. मालकांनी त्या आनंदात तेरखेड्याहून फटाक्यांची माळ मागवली, तर तुम्ही त्यांनाही सोडलं नाहीत. "हितं न्हाय! धुराचा वास लागंल फळाला. रस्त्यापल्याड जा." आणि मालक मुकाट्यानं माळ घेऊन रस्ता ओलांडून गेले. त्या माळेच्या आवाजात तुम्ही टाळ्या वाजवत होता, हातमोज्यांसकट, आणि त्यांचा आवाजच येत नव्हता. तुमची आठवण काढायची म्हटलं की मला आधी हे दिसतं.

तर काल. पेट्यांचे वीस पॅलेट चढले, आतलं तापमान बरोबर, कागद तयार. ट्रेलर नेहमीचाच, नळदुर्गच्या अन्वरभाईंचा. ते खाली उतरले, टोपी काढली, म्हणाले, "आक्का गेल्याचं कळलं, ताई. लई वाईट झालं." मग गेले नाहीत. एकदा चाकाला लाथ मारून बघितली, एकदा माझ्याकडं बघितलं.

"ताई, ती ओटी?"

"कसली ओटी?"

त्यांनी जीभ चावली. मग जमिनीकडं बघून सगळं सांगितलं. "आक्कानं कसम घातली हुती, मॅडमला सांगू नको म्हनून. आता आक्काच न्हाय, तर कसम कुनाची पाळू? चार वर्सं झाली, ताई. दर गाडीला. गेटच्या भाईर लिंबाखाली उबी ऱ्हायची, गाठोडं घिऊन. म्या पैल्या बारीला म्हनलं, आक्का, म्या मुसलमान मानूस, मला ह्यातलं काय कळतंय? तर म्हनली, गाडी कोन चालवतंय? तूच न्हवं? मंग लेकीला पोचवनारा भाऊ तूच. धर."

"आणि तुम्ही ते करायचात काय?"

"बंदराजवळ गाड्या थांबत्यात, तितं एक बाई च्या करती. परांड्याकडची हाय. म्हायेर सुटून लई वर्सं झाली तिला, कोन न्हाय तिकडं. आक्का म्हनली हुती, जिचं म्हायेर लांब आसंल तिच्या पदरात घाल. म्या तिला देतो. हंगाम लागला की ती वाट बगती, ताई. ईचारती, म्हायेरची गाडी आली का?" मग हळूच म्हणाले, "आता रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"

माझ्या मनात आधी काय आलं सांगू? तुमची शपथ. 'ह्या दारातनं आत एक दाना जानार न्हाय.' गेला नव्हता. ड्रायव्हरच्या केबिनचं दार वेगळं. भवानीची आण घेऊन, माझ्या नाकासमोर, चार वर्षं तुम्ही मला बनवलंत, आणि एकही नियम मोडला नाहीत. मी ट्रेलरला टेकून हसायलाच लागले. अन्वरभाई घाबरले. हसता हसता दोन्ही रुमाल लागले.

मी सगळ्यांना गेटबाहेर लिंबाखाली बोलावलं. म्हटलं, ओटी भरायची आहे. कुणी नारळाला धावलं, कुणी घरून ज्वारी आणली. खण कुठून आणायचा, यावर बायकांचा गोंधळ चालला होता, तेव्हा एकीनं दाराजवळच्या खिळ्यावरून तुमची ती एकतिसावी पिशवी काढून आणली. तिच्यात घडी घातलेला हिरवा खण होता, एक हळकुंड आणि एक सुपारी. गेल्या महिन्यात पॅकहाऊस धुवायला आल्या होतात, तेव्हाच ठेवून गेल्या असाल. हंगाम सुरू व्हायच्या आधी तुमची तयारी झाली होती. रिकामा खिळा तो कधी नव्हताच.

"पर भरायची कुनाच्या पदरात, मॅडम?"

"माझ्या."

"तुमी तर डिरेस घातलाय."

"ओढणी आहे ना."

ओढणीत ओटी चालते का, यावर आणखी पाच मिनिटं गेली. आणि त्या गडबडीत मी पाहिलं, चार नंबरच्या टेबलावरची सगुणा गेटजवळच्या पाण्याच्या पिंपाकडं सरकली होती. अठ्ठावीस वर्षांची पोर, गेल्या वर्षी नवरा गेला, तुम्हीच तिला कामाला लावलं होतं. तिनं पेला हातात घेतला होता, आक्का. रिकामाच, नुसता धरायला म्हणून.

"सगुणा," मी म्हटलं, "इकडं ये. पहिली ओंजळ तुझी."

सगळ्या तिच्याकडं वळल्या. मालकही होते. तिनं मान हलवली. "मॅडम, म्या कशी भरू?"

"आक्का कशी भरत होत्या?"

ती आली. माझ्याकडं न बघताच ओंजळ रिकामी केली, अर्धी ज्वारी माझ्या पायांवर सांडली. बाकीची ओढणीत पडली. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तेही जरा भुवईकडं गेलं. मी ते पुसलं नाही. मग एकदम सगळ्याजणी पुढं आल्या. प्रत्येकीला आपली ओंजळ घालायचीच होती, तुमच्या नावानं, आणि कुणाची ओंजळ लहान नव्हती. ओढणी ताणून ताणून माझी मान वाकली. अन्वरभाई म्हणाले, "ताई, ही ओटी हाय का म्हयन्याचं धान्य? त्या बाईला गिरनी बी न्यून देऊ का संगट?" इतक्या मोठ्यानं हसलो आम्ही की रस्त्यावरचा एक ट्रॅक्टरवाला थांबून बघायला लागला.

गाठोडं मीच बांधलं. मग आत जाऊन हात धुतले, कपडे झटकले, आणि बॅटरी घेऊन कंटेनरचं दार, उंबरा, धक्का सगळं दोनदा तपासलं. एक दाणा नव्हता. सील लागलं. दारावर थाप कुणी मारायची, हे कुणाला विचारावं लागलं नाही; तीस हात एकदम पडले. "जा गं बाई, सुखानं जा." त्यात माझाही आवाज होता. सहा हंगामांत पहिल्यांदा.

आज दुपारी अन्वरभाईंचा फोन आला. माल बंदरात उतरला, कागद झाले. मी विचारलं, ओटी दिली का?

"दिली की. तिनं हातात घेतली आन म्हनली, ही आक्काची गाठ न्हाय. आन ह्या बारीला येवडी ज्वारी कशी? मला सांगवंना, ताई, आक्का गेली म्हनून. तोंडातनं आपसूक निगालं, आक्काच्या लेकीनं बांधलीया. तर ती म्हनती, आक्काला लेक हाय व्हय? म्या म्हनलं, हाय की. तितंच तामलवाडीत कामाला हाय."

आक्का, तुम्हाला माहीत आहे, चुकीचं काही कानावर पडलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. कागदावरचा एक आकडा चुकला तरी मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावते. अन्वरभाई फोनवर थांबले होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी दोनदा विचार केला. त्यांच्या बोलण्यात मला दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही.